मोटार नागपूरला गेली आहे

दिवाळी चार दिवसांवर आली होती. दुकानात एक गिऱ्हाईक आलं. पंपाची मोटार काउंटरवर ठेवली, वर लावलेली दुकानाची पाटी वाचली आणि ठेवलेली मोटार पुन्हा उचलली.

"काहून?" मी विचारलं.

"नाई, राहू द्या. आमच्या गावच्या गटारीची मोटार तुमच्याच इथं पडून आहे म्हणे, सा महिने झाले. नदी नासली तिच्यापायी. मले तं हरभऱ्याले पाणी द्यायचं आहे."

तो गेला. मी दुकानाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या मोटारींकडे पाहत राहिलो. त्याच्या गावची मोटार त्यात नव्हती.

मी नागपूरच्या नंदनवन वस्तीत मोटारी भरतो. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढायची, नवी तांब्याची भरायची, वार्निश मारायचं, भट्टीत भाजायचं. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारता मारता शिकलो. भावात मी कुणाला सोडत नाही असं लोक म्हणतात, ते खरं आहे. पण मी भरलेली मोटार वर्षा-दीड वर्षात जळाली असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. त्या गावच्या सांडपाणी प्रकल्पाची मोटार मीच भरली होती. दीड वर्षापूर्वी गेली, बसली, चालू झाली. परत आलीच नाही. आणि ती माझ्याकडे पडून आहे असं एक अख्खं गाव बोलत होतं.

या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर बाकीच्या गावांना हायसं वाटेल.

माझी मोठी बहीण, वेणूताई, त्याच गावात दिली आहे. दर भाऊबिजेला मी सकाळच्या गाडीने जातो, ओवाळून घेतो, जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. गावात फिरत नाही. या वर्षी दोन दिवस आधी निघालो. पिशवीत ताईसाठी साडी, आणि साडीखाली पाने, टेस्टर, मीटर.

उमरेडच्या पुढे

उमरेडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा पोहे घेतले. तर्री इतकी थोडी होती की मी प्लेट परत केली. "एवढ्या तर्रीत पोहे बुडत नाहीत बापा, नुसते घाबरतात." त्याने हसत आणखी पळीभर ओतली. माणूस वाईट नव्हता. पण माझं डोकं घरून निघतानाच तापलेलं होतं.

उमरेड सोडलं की थोडा वेळ कोळसा दिसत राहतो. मातीचे काळे ढीग, ट्रकांची रांग, रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळपट. मग एकाएकी शेतं लागतात. तुरीला पिवळा फुलोरा आला होता, कापूस फुटायला लागला होता. खिडकीतून पाहताना वाटलं, ही जमीन अजून धडधाकट आहे.

मग गावाच्या अलीकडचा पूल आला. गाडीतल्या बायांनी पदर नाकाला लावले, पुरुषांनी रुमाल. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणाचं बोलणं थांबलं नाही. माझ्या शेजारची बाई नातवाच्या बारशाचं सांगत होती, ती पदराआडून सांगत राहिली. पूल संपला, सगळे पदर एकदम खाली. देऊळ दिसलं की हात आपसूक जोडले जातात, तसं. मी खाली पाहिलं. बंधाऱ्यापाशी पांढरा फेस साचला होता, धुण्याच्या सोड्यासारखा, आणि त्यावर दोन बगळे अगदी शांत उभे होते.

आमच्या नंदनवनाजवळून नाग नदी जाते. तिला आम्ही सोयीने नाला म्हणतो. नाला म्हटलं की त्यात काहीही सोडायला मोकळे. या गावात अजून नदीला नदी म्हणतात, आणि नाक दाबतात. दोन्हीतलं जास्त निर्लज्ज काय, ते मला ठरवता आलं नाही.

स्टँडवर चहा घेतला आणि चहावाल्याला प्रकल्पाचा रस्ता विचारला.

"पिलांट? तिथं जाऊन काय करता? बंद आहे. मोटार नागपूरले गेली. तो नागपूरवाला नुसता आज देतो, उद्या देतो करून राहिला."

"भेटला तर काय कराल त्याचं?"

"नदीत बुचकळून काढू. दुसरी शिक्षाच नाई."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. मी चहा संपवला. कप जरा जोरात ठेवला गेला.

पिलांट

प्रकल्प गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला आहे. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक. फाटकावर पत्र्याची पाटी, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, वळणदार, शाळेच्या भिंतीवर असतात तशी:

"मोटार दुरुस्तीकरिता नागपूर येथे पाठविली आहे."

मी ती पाटी चार वेळा वाचली. तेवढ्यात मागून सायकल आली. हँडलच्या दोन्ही बाजूंना दोन प्लॅस्टिकच्या कॅन, झाकणं घट्ट, तरी वास सुटलेला. सायकलवर चाळिशीचा सडपातळ माणूस. हा गुणवंता, प्रकल्पावरचा एकुलता एक ऑपरेटर.

"कोन पाहिजे?"

"मोटार पाहायची आहे."

"पाटी वाचली नाई का? मोटार नागपूरले गेली."

"नागपूरहूनच आलो. माझ्याकडे नाही पोचली."

त्याने सायकल फाटकाला टेकवली. माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही ते नंदनवनवाले?" मग कुलूप काढत म्हणाला, "या भाऊ. तुमच्याच हातची आहे, तुमच्यापासून काय लपवू."

शेडमध्ये मोटार जागेवर होती. अंगावर धुतलेलं पोतं. पोतं काढलं तर पितळी पट्टीवर माझ्या दुकानाचं नाव, त्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि वाळलेला झेंडू. दसऱ्याला अवजारांची पूजा करतात, त्यात हिचीही झाली होती. मेलेल्या मोटारीची पूजा कुणी करत नाही.

मी वरचा डबा उघडला आणि नाक लावलं. जळालेल्या तारेचा वास वर्षानुवर्षं जात नाही. करपलेली डाळ आणि रबर एकत्र केल्यासारखा असतो. इथे वार्निशचा वास होता. माझ्याच भट्टीतला. मीटर लावलं. तिन्ही फेज ठणठणीत. तार मी हिरव्या दोऱ्याने बांधतो, ती माझी खूण. दोऱ्याचा रंगसुद्धा उतरला नव्हता.

"चालू कर," मी म्हणालो.

गुणवंताने बटण दाबलं. मोटारीने हवेचा पंप एका दमात उचलला. शेजारच्या मोठ्या हौदात खालून बुडबुडे उठले आणि करडं पाणी उकळल्यासारखं हलायला लागलं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की कानशिलं गरम झाली.

"रोज तासभर चालवतो," गुणवंता म्हणाला. "चोरून. पंचायतीच्या साहेबाले माहीत नाई. या पाण्यात जंतू आहेत भाऊ, घाण खाणारे. घाण आन् हवा, दोनच गोष्टी लागतात त्याईले. खाऊन झालं का पाणी नितळते, मंग नदीत सोडायचं. पण इथं घाणच येत नाई."

"गाव एवढं मोठं, घाण कशी येत नाही?"

"गटारीची लाइन टाकली साऱ्या गावात. घरं जोडलेच नाईत. संडास, न्हाणी, सारं पहिलेसारखं उघड्या नालीत, नालीतून नदीत. हे टाकी उपाशी." त्याने कॅनमधलं पाणी हौदात ओतलं. "स्टँडच्या संडासातून आणतो. कधी गूळ टाकतो, कधी शेणाचं पाणी. हे मेले तं दुसऱ्या गावाहून मागून आणा लागते. विरजनासारखं असते. एकडाव सारं नासलं का कोणाच्या दारात जाऊन मागणार?"

एक माणूस सायकलवर मैला वाहून जंतू जगवत होता, गाव नाक दाबून पुलावरून जात होतं, आणि दोष नंदनवनात.

"मग पाटी कुणी लावली?"

"लोकं विचारून राहिले होते, पिलांट बंद काहून. साहेब म्हणाले, लाव काईतरी. मी रंगवली. अक्षर चांगलं आहे ना?"

"अक्षर चांगलं आहे. हे 'करिता', 'पाठविली', हेही तुझंच?"

"नाई. मजकूर मास्तरांनी दिला. ओट्यावर बसून सांगितला, मी लिहून घेतला." आणि त्याने मास्तरांचं नाव सांगितलं.

ते माझे भाऊजी. वेणूताईचा नवरा.

पाहुणा

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्यापुढे आवाज चढवत नाहीत. ताईच्या लग्नात त्यांचे पाय मी धुतले होते, तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. वडिलांनी सांगितलं होतं, यापुढे यांच्यासमोर मान खाली. बाजारात मी कुणाचंही ऐकत नाही, पण त्या घराच्या पायरीशी आलो की माझी मान अजून आपोआप खाली जाते.

भाऊजी हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलं. अर्ज, निमंत्रणपत्रिका, शोकसभेचा ठराव, सगळा मजकूर त्यांचा. ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, येणारा-जाणारा नमस्कार करतो.

"या सुधाकरराव, या वेळी लवकर?" ते म्हणाले.

"कामाने आलो होतो. पिलांटवर."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "असं. काय म्हणते मोटार?"

"बरी आहे. नागपूरला यायचं म्हणत होती, पण तिला कुणी नेतच नाही."

ते हसले. चष्मा पुसला. बस्स, तेवढंच. ताईने पातोडीचा रस्सा केला होता, झणझणीत. भाऊजींनी आग्रह करकरून वाढला. मी खाल्ला आणि डोळ्यांतलं पाणी रश्श्यावर ढकललं. एवढ्या प्रेमाने वाढणारा माणूस माझं नाव बुडवणारं वाक्य शुद्ध मराठीत सांगू शकतो, हे मला गिळवत नव्हतं.

नदी

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंताबरोबर नदीवर गेलो. पावसाळ्याचं पाणी ओसरलं की इथे वाळूत डांगरवाड्या लावतात. वाळूत खड्डे खणायचे, शेणखत भरायचं, बी टोचायचं. चैत्रात पिवळी डांगरं, म्हणजे खरबुजं. लहानपणी मला ताईकडे भाऊबिजेला आणलं की परतताना यातल्याच एखाद्या वाडीचं उरलेलं बी माझी आई मागून आणायची.

एक म्हातारी वाळूवर बसली होती. पुढ्यात बियाण्याची पुरचुंडी, बाजूला फावडं. फावड्याला वाळू लागलेली नव्हती.

"शेवंताबाई," गुणवंता म्हणाला, "हे नागपूरचे मोटारवाले." नको तेव्हा नको ते सांगणारा माणूस.

शेवंताबाईने मला खालून वर पाहिलं. "मोटार आणली का तसाच हात हालवत आला?"

"बाई, मोटार इथेच आहे. चांगली आहे. काल चालवून पाहिली."

"चांगली आहे?" ती उठली. वाळूत एक हातभर खोल खड्डा होता, त्यात पाणी झिरपून साचलेलं. याला झिरा म्हणतात. वाळूतून गाळून येतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक हेच प्यायचे. तिने लोटा भरला आणि माझ्यासमोर धरला. "घे गा. पे. मोटार चांगली असन तं पाणी बी चांगलंच असन."

पाणी दिसायला स्वच्छ होतं. लोटा ओठांपाशी नेला. साबण, आणि साबणाखाली नालीचा वास. मी लोटा खाली केला.

"नाई पेत ना? मी बी नाई पेत. घरून बाटली आणते, नदीत बसाले." तिने पाणी वाळूवर ओतलं. "दोन वर्सं झाले. गिऱ्हाईक डांगर उचलते, नाकाले लावते, खाली ठेवते. फोड कापून दिली तरी तोंडात घालत नाई. यंदा बियाणं घेऊन बसली आहो, हात उठत नाई."

"लाव बाई. पाणी सुधारेल."

"कशानं? मास्तरची गल्ली जोडली का सारं गाव जोडते, हे कुत्र्याले बी माहीत आहे. मास्तर जोडत नाई."

"मास्तर माझे भाऊजी आहेत."

ती हसली. दात कमी होते, हसणं पुरं होतं. "मंग तं झालंच. साळा जवायाले काय सांगन?"

तिचं खरं होतं. पण सौदा अर्धवट सोडून उठायची मला सवय नाही. "गल्ली जोडली तर वाडी लावशील?"

"अर्धी लावीन. चैतात डांगर पाठवीन तुले एसटीनं. तू खाशीन?"

"खाईन."

"खाल्लं हे मले कसं समजन?"

तीस वर्षांच्या धंद्यात असा प्रश्न मला दोघांनीच विचारला असेल. उत्तर तिनेच दिलं, "बिया परत पाठव. धुऊन, वाळवून. फेकून देणारा माणूस बिया काढत बसत नाई."

"कबूल."

"पाहू," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. बियाण्याची गाठ काही सोडली नाही.

ओटा

दुपारी भाऊजींना मी सरळ विचारलं. सरळ म्हणजे, मान खाली घालून. "भाऊजी, गटारीची जोडणी का नाही घेतली?"

"ईशान्य," ते म्हणाले. "लाइन पूर्वेच्या गल्लीतून गेली. पाइप देवघराखालून न्यावा लागतो. संडासाचा पाइप ईशान्येतून? वास्तूचं काही शास्त्र आहे की नाही?"

मी गवंड्याकडून लेव्हल काढायची पाण्याची नळी मागून आणली, म्हणजे लांब पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. गुणवंताने एक टोक धरलं, मी दुसरं. घराच्या दक्षिणेच्या बोळातून उतार व्यवस्थित मिळत होता. देवघरापासून चांगलं पंधरा फूट लांब. ईशान्येला धक्काही लागत नव्हता.

"भाऊजी, दक्षिणेकडून जातो."

"पाहू. उन्हाळ्यात."

मग मी गल्लीत चेंबर शोधायला लागलो. लाइन टाकताना प्रत्येक घरासमोर जोडणीचं चेंबर ठेवलेलं असतं. भाऊजींच्या घरासमोर ते नव्हतं. शेजारच्यांच्याही नव्हतं. गुणवंता खाली वाकून हसत होता.

"भाऊ, तुम्ही उभे कुठं आहात?"

मी ओट्यावर उभा होतो. गुळगुळीत लाल लादीचा ओटा, ज्याच्यावर खुर्ची टाकून भाऊजी गावाचे नमस्कार घेतात. मी टेप लावला. घराची हद्द जिथे संपते तिथून ओटा पुढे गेला होता, जुन्या नालीवरून, थेट गल्लीत. चेंबर ओट्याच्या पोटात होतं. मी गल्लीत नजर टाकली. एकही ओटा मागे नव्हता. सगळे एका रेषेत, सगळे पुढे.

म्हणजे ईशान्य नाही, देव नाही, मोटार तर नाहीच. जोडणी घ्यायची तर ओटा फोडावा लागतो, आणि ओटा फोडला की तो कुठवर आला होता ते दिसतं. एका घराचं दिसलं की सगळ्यांचं दिसतं. म्हणून साऱ्या गल्लीने, साहेबाने आणि मास्तरांनी मिळून एक मोटार नागपूरला पाठवली. दोन-दोन फूट लादीसाठी एक नदी, आणि एका बाहेरच्या माणसाचं नाव. बाहेरचा माणूस यांना स्वस्त पडला. मी धंद्यात लबाड पुष्कळ पाहिले, पण लबाडी करताना ते निदान डोळे चुकवतात. भाऊजी खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते.

मी टेप गुंडाळला आणि आत जाऊन पाणी प्यायलो. स्वयंपाकघरात ताई अनारसे तळत होती. तिने मागे न पाहताच विचारलं, "किती फूट निघाला?"

"तुला माहीत होतं?"

"लादी बसवली तेव्हा चहा मीच केला होता." तिने अनारसा झाऱ्यावर उचलला, तूप निथळू दिलं. "कार्तिकात मी पहाटे नदीवर जात होती, दिवे सोडाले. मागच्या वर्षी दिवा सोडला तं तो फेसावर अडकून बसला. पुढं जाईच ना. मी काडीनं ढकलला. त्यानंतर गेली नाई."

"ताई, मी त्यांना काही बोलू शकत नाही."

"माहीत आहे. तुले कोनी बोलाले सांगितलं?"

भाऊबीज

दिवाणखान्यात पाट मांडला, भोवती गुलाबी रांगोळी. भाऊजी खुर्चीत, शब्दकोडं घेऊन. ताईने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि सोन्याची अंगठी फिरवली, निरांजनाने ओवाळलं. मी पिशवीतून साडीचं पाकीट काढून ताटात ठेवलं.

ताईने ते उचलून पाटावर, माझ्या बाजूला ठेवलं. ताट तसंच धरून राहिली.

"रंग नाही आवडला?" मी विचारलं.

"साड्या पुष्कळ आहेत. या वर्षी मी मागीन ते दे."

"माग."

"आपल्या घरचं पाणी त्या टाकीत नेऊन दे. ओटा फोडून."

निरांजन जळत होतं. भाऊजींनी पेन बंद केलं. "वेणू, हे घर माझं आहे."

"घर तुमचंच आहे," ताई म्हणाली. "ओवाळणी माही आहे."

मी आयुष्यभर सौदे केले. समोरच्याचं वाक्य आलं की माझं तयार असतं. पण असं वाक्य मला कधी सुचलं नाही. भावाने बहिणीला काय द्यावं यात नवऱ्याने बोलायचं नसतं. बोलला तर उद्या साऱ्या गावात होतं, मास्तरांनी बायकोची भाऊबीज अडवली. भाऊजी उठले, पायात वहाणा घातल्या आणि बाहेर गेले. जेवायला आले तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वाढ." ताईने वाढलं. पुरण चांगलं झालं होतं. कुणी तसं म्हटलं नाही.

खणताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि गुणवंताने सब्बल, म्हणजे पहार, हातात घेतली. दिवाळीत गवंडी मिळेना. पाइपवाल्याने दुकान माझ्यासाठी उघडलं आणि त्याबद्दल भाव वाढवला, तर मी त्याला सांगितलं की तुझ्याही घरासमोर ओटा आहे, मी पाहून आलो. भाव उतरला.

पहिला घाव घातला तशी लादीला तडा गेला आणि गल्लीतली दारं उघडली. दहा-बारा माणसं जमली. एकाने विचारलं, "मास्तर, तुमच्या परवानगीनं चालू आहे ना हे? साळेबुवा आपल्याच मनानं तं नाई ना फोडून राहिले?"

भाऊजी दारात उभे होते. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मीही सब्बल टेकवून पाहत होतो. ते एवढंच बोलले असते की हे माझ्या मनाविरुद्ध आहे, तर तो खड्डा तिथेच राहिला असता.

त्यांनी घसा साफ केला. "मीच सांगितलं. कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. आदर्श बोलून होत नसतो."

मी सांगतो, त्या क्षणी तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. पाटीचा मजकूर, ईशान्य, टेपवरचा आकडा. कारण एक गोष्ट मला धंद्याने शिकवली आहे, सौदा टिकायचा असेल तर समोरच्याच्या हातात काहीतरी उरू द्यावं लागतं. आदर्श त्यांच्या हातात राहिला. मी खणत राहिलो.

दुपारपर्यंत चेंबर सापडलं, पाइप बसला, नालीचं तोंड सिमेंटने बंद केलं. गुणवंता सायकल घेऊन प्रकल्पावर गेला. ताईने कालची रांगोळी झाडून बादलीत घेतली, पाण्यात ढवळली आणि न्हाणीत ओतली. वरून मी टाकीचा नळ मोकळा सोडला. मग वाट पाहिली. बराच वेळ. फोन वाजला.

"गुलाबी आलं भाऊ," गुणवंता म्हणाला. मागे माझी मोटार ऐकू येत होती. "या जंतूईची आज दिवाळी आहे."

त्या संध्याकाळी मी परत निघालो. जाताना प्रकल्पावर थांबलो आणि गुणवंताला म्हणालो, फाटकावरची पाटी मला दे. तो घुटमळला. मी म्हणालो, मोटार नागपूरला जाऊ शकली नाही, निदान पाटी तरी जाऊ दे. त्याने तारा सोडल्या.

परत आल्यावर

भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. ताईच्या फोनवर मागून खोकल्याचा आवाज येतो, तेवढाच. गुणवंता आठवड्यातून एकदा फोन करतो. मास्तरांच्या गल्लीत निम्मी घरं जोडली, उरलेल्यांचे ओटे अजून पुढेच आहेत. दुसऱ्या गल्ल्या विचार करून राहिल्या आहेत. गावात आता कुणी मोटार जळाली म्हणत नाही. आता म्हणतात, नागपूरची मोटार आवाज लय करते. मी विचारलं, प्रकल्प गावाबाहेर, ऐकू कुणाला येतो? गुणवंता म्हणाला, "कोनाले नाई. पण काईतरी म्हणा लागते ना भाऊ."

चैत्र लागला. गेल्या आठवड्यात एसटीच्या कंडक्टरने पळसाच्या पानांत बांधलेलं एक डांगर दुकानात आणून दिलं. बरोबर चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीची गरजही नव्हती.

घरी नेलं. नाकाला लावलं. मग पुन्हा लावलं. बायको म्हणाली, "खायचं आहे का हुंगायचंच आहे?" कापलं. आतून केशरी, जरा पाणचट. वास डांगराचाच होता. अगदी तळाशी, फोड गिळल्यावर, काहीतरी राहतं असं मला वाटलं. बायको म्हणते, ते तुमच्या डोक्यात आहे. असेल. निम्म्या गल्लीच्या पाण्याने एवढंच होतं. बाकी सगळं गाव अजून नदीत सोडतंच आहे. मी चिडत चिडत अख्खं डांगर संपवलं, एकट्याने, सालीपर्यंत.

बिया तीन पाण्यांनी धुतल्या. वाळवायला गच्चीत, सावलीच्या बाजूला, ती निळी पाटी पालथी घातली आणि तिच्यावर पसरल्या. दोन दिवसांत खडखडीत झाल्या. काल त्या जुन्या रुमालात बांधून उमरेडकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे दिल्या. त्याने विचारलं, काय आहे यात.

"पावती," मी म्हणालो. "शेवंताबाईची. गाव आलं की पुलाच्या अलीकडेच उतरवून दे. नदीतच बसलेली असेल."